मुहूर्तावर सुरू केलेला डबा

नव्या कॉम्प्युटरची पूजा करताना मी कुंकू नेमकं हवेच्या जाळीवर लावलं. आतल्या पंख्यानं ते माझ्याच पांढऱ्या शर्टावर उडवलं. लेक हसली. मी शुभशकुन म्हणून मोकळा झालो.

कॉम्प्युटर कसला, पावशेर पेढ्यांच्या पुड्याएवढा डबा. लेकीला मेडिकलच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता, म्हणून लातुरातून स्वस्तात आणलेला. "सगळं आत टाकलेलं हाय, नुसतं लावा," दुकानदार म्हणाला. डब्यावर चिठ्ठी होती : अँटीव्हायरस चालू करू नये. मला वाटलं, किती काळजी घेतात!

मेहुणा नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो फोनवर ओरडलाच. "दाजी, आतलं सगळं पुसून नवं विंडोज टाका. कुणी काय घालून ठेवलंय, काय माहीत!"

"मुहूर्तावर सुरू केलंय. लगेच पुसायचं म्हंजे अपशकुन."

"नारळ फोडून व्हायरस मरतो व्हय, दाजी?"

मी फोन ठेवला. पुसलं न्हाई.

कॉलेजांची पसंती भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी, लेकीचा ईमेल उघडेना. पासवर्ड कुणीतरी बदललेला. फॉर्मचा ओटीपी त्याच ईमेलवर येणार आणि मुदत संध्याकाळी पाचची. दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलेली पोर भिंतीला टेकून बसली. 

मी फोन केला, तसा दुपारी मेहुणा लॅपटॉप घेऊन आला. टाइप केलेला प्रत्येक पासवर्ड बाहेर पाठवणारा प्रोग्राम त्यानं डब्यात शोधून दाखवला. आपण डबा विकत घ्यायच्या आधीपासून तो आत बसलेला! लेकीच्या ईमेलला बायकोचा मोबाईल नंबर जोडलेला होता, तेवढ्यावर ईमेल परत मिळाला. साडेचारला मेहुण्याच्या लॅपटॉपवर पसंती भरली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी दुकान गाठलं.

"सीलबंद येतो, काका. आम्ही उघडत बी न्हाई."

"सीलबंद चोर विकता, अन् वर चिठ्ठी लावता, राखणदाराला उठवू नका म्हणून?" माझा आवाज रस्त्यापलीकडं गेला. "माझ्या पोरीचं वर्ष गेलं असतं, तर तू देणार होतास का परत?"

"चिठ्ठी वाचली व्हती ना तुम्ही?" तो शांतपणे म्हणाला.

मी डबा उचलून दुकानाबाहेर पडलो. तो राग अजून उतरलेला नाही. चोरावर आहे, दुकानदारावर आहे, आणि ती चिठ्ठी वाचून मान डोलावणाऱ्या शहाण्यावर तर सगळ्यात जास्त.

घरी येऊन डबा टेबलावर आदळला. बायकोनं त्यावरचं वाळलेलं कुंकू नखानं खरवडलं.

"मुहूर्त चांगलाच निघाला म्हणा," ती म्हणाली. "फक्त आपला नव्हता, त्या चोराचा होता."