उरलेलं शहर बघायला

ज्या शहरातून माझी बहीण कुठेही जाणार नव्हती, त्या शहराचा निरोप मी तिला घ्यायला लावला. तोही रीतसर, रिक्षा करून, डबा बांधून, एकेक ठिकाण दाखवत. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला आहे. भलत्याच लग्नात आहेर देऊन, जेवून, वर जिलबी छान झाल्याचं मुलीच्या बापाला सांगून आलो आहे. स्वतःच्या सत्काराला उशिरा पोचून मागच्या रांगेत बसलो आहे आणि सत्कारमूर्ती अजून कसे आले नाहीत म्हणून शेजारच्याजवळ कुरकुरलोही आहे. हे सगळं चारचौघांत रंगवून सांगायचं आणि हशा वसूल करायचा, हा माझा धंदाच. फक्त हैदराबादची ती सहल मी आजवर कुणाला सांगितली नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी फोन वाजला आणि पलीकडून नसीम म्हणाली, "मामू, खाला गेल्या… हातात शिवण होतं. चष्मा काढून ठेवला, पाणी मागितलं. मी ग्लास घेऊन येईपर्यंत…" मी विचारलं, "पाणी प्यायली का?" भाऊ म्हणून मला एवढंच विचारता आलं.

नसीम म्हणजे अंबरपेठेतल्या आमच्या शेजारच्या बडी बींची मुलगी. ती अक्काला खाला, म्हणजे मावशी म्हणे. त्या हिशेबाने मी मामू. अक्का माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात नवरा गेला आणि ती माहेरी परतली, तेव्हा मी चड्डीची नाडी बांधायला शिकत होतो. आई त्याच वर्षी गेली. वडील जुन्या सरकारच्या महसूल खात्यात, उर्दूत टिपणं लिहिणारे, घरी अबोल. म्हणजे मला वाढवलं ते अक्कानेच. ती एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि घरी मला सरळ करायची. वडील गेले, मी सचिवालयात कारकून झालो, माझं लग्न झालं, तरी कचेरीत निघताना ती दारात उभी राहून म्हणायची, "नखं दाखव." आणि मी, सरकारी नोकर, विवाहित पुरुष, बायकोच्या देखत दोन्ही हात पुढे करायचो.

भाषेवरून हैदराबाद राज्य तुटायचं ठरलं तेव्हा आमच्या कचेरीत दुसरं बोलणंच नव्हतं. कोण मुंबईकडे, कोण म्हैसूरकडे, कोण इथेच. एका टेबलावर जन्म काढलेली माणसं तीन दिशांना जाणार होती. मला औरंगाबाद मिळालं. घरी येऊन सांगितलं तशी विमल, माझी बायको, हरखली; तिचं माहेर जालन्याचं. अक्का उठून माळ्यावरची ट्रंक ओढायला लागली. मी जिथे, तिथे ती; यात विचारायचं काय होतं? मी मात्र वेगळाच हिशेब करून बसलो होतो. मला मोकळं व्हायचं होतं. नखं न दाखवता कचेरीत जायचं होतं… एवढं क्षुद्र कारण होतं, आणि तेही सांगायची छाती नव्हती. विमलने एकदा विचारलंही, "अक्कांचं काय ठरवलंत? त्यांची शाळा आहे इथं." मी म्हणालो, "बघू." पुढे कितीतरी वर्षं मी मित्रांना सांगत आलो की विमलला नणंद नको होती. विमलने हे ऐकलं असतं तर माझी खैर नव्हती.

तेव्हा मी एक युक्ती काढली. दसऱ्याची सुट्टी होती. म्हटलं, अक्का, जन्म या शहरात गेला, पण पाहुण्यासारखं हिंडून ते आपण कधी पाहिलं नाही. चल, तू आणि मी. कुठेतरी चांगली हवा असेल, ती खुशीत असेल, तेव्हा हळूच सांगून टाकू. तिला वाटलं, भाऊ जाण्याआधी गाव डोळे भरून दाखवतो आहे. तिने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, ठेवणीतली जांभळी इरकल नेसली आणि रिक्षात बसताना म्हणाली, "सावकाश घ्या हो, पुन्हा बघायला मिळायचं नाही."

पहिला मुहूर्त चारमिनारवर काढला होता. अंधाऱ्या गोल जिन्याने वर गेलो. अक्का धापा टाकत कठड्याशी उभी राहिली आणि खालच्या गर्दीकडे बघत राहिली. मी घसा खाकरला. ती म्हणाली, "बाळू, इतकी वर्षं याच्या खालून गेले. वरून असं दिसतं हे ठाऊकच नव्हतं रे." तिचे डोळे भरले होते. मी मनात म्हटलं, उद्या सांगू. खाली उतरल्यावर ती चुडी बाजारात शिरली, विमलसाठी काचेच्या बांगड्या घेतल्या आणि दुकानदाराला, काहीही ओळख नसताना, सांगून टाकलं, "आम्ही आता औरंगाबादला चाललो." म्हातारा बांगड्या कागदात गुंडाळत म्हणाला, "जाओ अम्मा, वहाँ भी अपनेइच लोगां हैं." तिला ते इतकं आवडलं की घरी येईपर्यंत तिने ते दोनदा मला ऐकवलं.

दुसरा मुहूर्त गोवळकोंडा. तिथे दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की पार वरच्या टोकाला, बालाहिसारपर्यंत ऐकू येते. अक्काचे गुडघे एवढं चढायला तयार नव्हते. ठरलं असं की ती खाली टाळी वाजवेल आणि मी वर जाऊन ऐकेन. मी चढलो. वर भन्नाट वारा. थोड्या वेळाने खालून टाळी आली, स्पष्ट, जणू ती मागेच उभी आहे. त्या क्षणी मला धीर आला. म्हटलं, एकदा मोठ्याने म्हणून बघावं, म्हणजे तोंडाला सवय होईल. कड्याकडे तोंड करून मी ओरडलो, "तू येऊ नकोस!" मागच्या पायऱ्यांवरून शेरवानीतले एक वयस्क गृहस्थ धापा टाकत वर येत होते. ते तिथेच थांबले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "इत्ता चढने के बाद बोलरे मियाँ, नक्को आओ?" मी त्यांची माफी मागितली, हात धरून वर घेतलं, त्यांना पाणी पाजलं. खाली आलो तर अक्काने उत्सुकतेने विचारलं, "आली का रे टाळी?" म्हटलं, आली. "मग तू काही बोललास का? इथं खाली नाही आलं काही." मी म्हणालो, "मी कशाला बोलतोय." शेरवानीवाल्यांशी ज्या नम्रतेने वागलो, तिच्या पासंगाला पुरेल इतकी तरी मी अक्काशी दाखवली असती तर…

असं करत शेवटी बागेआम, म्हणजे सरकारी बगीचा, उरला. झाडाखाली बसून आम्ही डबा उघडला. तिने दशमीवर चटणी घातली, माझ्या हातात दिली, आणि मी तोंडातला घास तसाच ठेवून म्हणालो, "अक्का, तिकडे जागा फार लहान आहे." कारण घास तोंडात असताना माणूस रागावत नाही असा माझा समज होता, पण तो तिच्या तोंडात असायला हवा होता. ती म्हणाली, "किती लहान?" म्हटलं, एक खोली आणि स्वयंपाकघर. "मग झालं की. माझी वळकटी स्वयंपाकघरात." म्हटलं, विमलला पहाटे चूल पेटवायची असते. "मी तिच्या आधी उठते." म्हटलं, तुझी शाळा… "शाळा सोडली. दसऱ्याआधीच सांगून टाकलं मोठ्या बाईंना. पाटा-वरवंटाही बडी बींना देऊन टाकला, एवढं ओझं गाडीत कोण नेणार." आणि मग ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी दशमीकडे बघत होतो. मी म्हणालो, "मी आधी जातो. जागा बघतो. महिन्याभराने येऊन तुला घेऊन जातो." तिने डब्याचं झाकण लावलं, पदराने ते पुसलं आणि म्हणाली, "चटणी तिखट झालीय का रे? डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

काचीगुड्याच्या स्टेशनवर ती आम्हाला पोचवायला आली. विमल रडली, मी खिडकीतून गमती सांगितल्या. नंतरची हकिगत मला बडी बींकडून कळली. सुट्टी संपल्यावर अक्का शाळेत गेली आणि बाईंकडे आपली जागा परत मागितली. बाई भल्या, त्यांनी दिली. सगळी आळी विचारू लागली, अक्का, तुम्ही तर जाणार होतात ना? अक्का म्हणायची, "सुट्टीत अर्धंच शहर बघून झालं. उरलेलं बघायला राहिले." बडी बींनी पाटा-वरवंटा परत आणून दिला तर तिने घेतला नाही, दिलेलं कुणी परत घेतं का? पुढे जन्मभर चटणी वाटायला ती शेजारीच जात राहिली. रांगणारी नसीम त्या पाट्याशेजारी वाढली, तिथेच मराठी शिकली. आणि शहर बघणं… तेही अक्काने खरं करून दाखवलं. रविवार आला की आळीतल्या चार-दोन पोरी गोळा करायची, दशम्या बांधायची आणि निघायची. कधी हुसेनसागर, कधी पैगा मकबरे, कधी नुसतं हिमायतनगरपर्यंत पायी, कुणाच्या घरापुढे कोणतं झाड आहे ते बघत. माझी लाज झाकायला सांगितलेलं एक वाक्य तिने आयुष्यभर पाळलं.

तो महिना कधी उलटला नाही. मी तिला बोलावलं ते थेट विमलच्या बाळंतपणाला. ती आली. स्वयंपाकघरात उभी राहून चारी भिंतींवरून नजर फिरवली, चुलीशेजारी वळकटी पसरली, आडवी झाली, पाय लांब करून बघितले. सकाळी माझ्याशी काही न बोलता विमलला म्हणाली, "बरी ऐसपैस आहे की गं तुमची जागा." विमलने माझ्याकडे बघितलं. मी मुलाचे लंगोट वाळत घालायला गेलो. त्या घरात ते काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाळंतपण उरकून अक्का परत गेली. राहा, असं मी म्हणालो. पण स्टेशनवर, गाडीने शिट्टी दिल्यावर.

तेराव्याला हैदराबादला गेलो होतो. सगळं आटोपल्यावर नसीम मला तिच्या घरी जेवायला घेऊन गेली. तीही आता केस पिकलेली, शाळेत शिकवणारी. स्वयंपाकघरात ती पाट्याशी बसून चटणी वाटत होती. अक्का बसायची तशीच, एक पाय दुमडून, एक उभा. मी दाराशी खुर्चीवर. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि गमतीचं काहीच सुचत नव्हतं. म्हणालो, "नसीम, सगळं केलं गं मी आयुष्यात. घर बांधलं, मुलं मार्गी लावली. फक्त अक्काला औरंगाबादला न्यायचं तेवढं राहून गेलं बघ."

तिने वरवंटा थांबवला नाही. मान वर न करताच म्हणाली, "राहून कायकू जाईल, मामू? तुम्ही नेलं नाही."