सरांना वाचून दाखवलेली कादंबरी

कादंबरी मीच घेऊन गेले होते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

होटगीच्या शाळेत मला मराठी शिकवणारे सर आता सोलापुरात मुलाच्या फ्लॅटवर राहतात. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेत. मी नववीत असताना त्यांनीच मला या लेखकाची पहिली कादंबरी वाचायला दिली होती. माळावर मेंढ्या राखणाऱ्या एका बाईची गोष्ट होती ती. आमच्या शेजारपाजारी बोलतात तसं पुस्तकातलं माणूसही बोलू शकतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे मी मराठीच घेतलं, कॉलेजात शिकवायला लागले. म्हणून कित्येक वर्षांनी त्याच लेखकाची नवी कादंबरी आली, तेव्हा न वाचताच ती घेतली आणि थेट सरांकडे गेले.

सरांनी पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"चारशेच्या वर आहेत की गं!"

"सगळी वाचून दाखवते, सर. उन्हाळ्याची सुट्टीच आहे."

तिसऱ्या दिवशी मला कळलं, आपण अडकलो. कादंबरीतलं कुणी बोलतच नव्हतं, सगळे भाषणं करत होते. मजूर, मंत्री, दहा वर्षांची पोर, सगळ्यांचा आवाज एकच. नायक मोठा लेखक, आणि भेटेल तो माणूस त्याचं कौतुक करत सुटलेला. माळ होता, पण मोटारीच्या काचेतून पाहिल्यासारखा. मनात वाचताना पुस्तक मिटता येतं. मोठ्यानं वाचताना प्रत्येक पोकळ वाक्य आपल्याच तोंडातून काढावं लागतं. त्यात सर पंखा बंद करायला लावत, शब्द नीट ऐकू येत नाहीत म्हणून. मे महिन्यातली दुपार, ओढलेले पडदे, आणि समोर ताठ बसलेले सर.

थांबावं म्हटलं, तर निघताना सरांच्या पत्नी, काकू, दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "सकाळपासनं तुजी वाट बघत्यात गं. आता रोज दाढी करायलेत. लई बरं केलंस बघ."

मग मी लबाडी सुरू केली. आधी परिच्छेद गाळले. मग वाक्यं बदलू लागले. घरून पेन्सिलीनं खुणा करून यायची, भाषणं तोडायची, माणसांच्या तोंडी आमच्याकडची बोली घालायची. सर मान डोलवायचे, तेव्हा हायसं वाटायचं आणि लाजही.

एका दुपारी त्यांनी हात वर केला.

"थांब. हे वाक्य कुणाचं?"

"पुस्तकातलंच आहे, सर."

"पुस्तक काकूंकडं दे."

काकूंचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी चष्मा लावला, मी दाखवलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या. मी वाचलेलं साधं, चार शब्दांचं वाक्य तिथं नव्हतंच. तिथं मानवी अस्तित्वाबद्दल काहीतरी होतं, आणि ते संपता संपत नव्हतं. काकू तीनदा अडखळल्या. मला उठून जाता येईना, आणि बसवेनाही.

"कवापासनं चाललंय हे?" सर म्हणाले. वर्गात कधीही घरची बोली न बोललेले सर.

"शंभराव्या पानापासून."

"मला दिसत न्हाय. तू दावशील तेवढंच दिसतंय मला. त्यात बी हात घातलास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"वाटू दे की! चाळीस वर्सं वाचतोय मी त्याला. माझं मलाच वाईट वाटून घेऊ दे. तू कशाला मधी पडलीस?"

काकूंनी पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवलं. थोड्या वेळानं सर नेहमीच्या भाषेत, शांतपणे म्हणाले, "शंभराव्या पानावर जा."

मी गेले. पुढचे सतरा दिवस आहे तसं वाचलं, एकही शब्द न गाळता. सर ना हसले, ना त्यांनी सुस्कारा सोडला. एकदाच, नायक स्वतःच्या सत्काराला उत्तर देत होता तेव्हा, त्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला आणि तसेच ऐकत राहिले. मी वाचायची थांबले. "वाच," ते म्हणाले. त्यांना थांब म्हणायचं नव्हतं, आणि आपणहून थांबायचा अधिकार मला उरला नव्हता.

शेवटचं पान संपलं.

"संपली, सर."

"हं."

मी पुस्तक मिटलं. मग त्यांनी विचारलं, "याची आणखी एखादी आली, तर आणशील?"

"तुम्हाला ऐकायची आहे?"

"त्यानं लिहिली तर ऐकायला नको?"

मी 'आणेन' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते!