फोटोतले गोरक्षनाथ गाडेकर

राहात्याच्या अलीकडे पेरूच्या बागांमधून एक रस्ता आत जातो. तिथं कोणालाही विचारा, गोरक्षनाथ गाडेकर कुठं राहतात? माणूस डोकं खाजवत बसेल. पण "टीव्हीत वारलेले गाडेकर" म्हणा, लगेच चपला घालून दार दाखवायला तुमच्याबरोबर निघेल. आता नट म्हटलं की लोकांना वाटतं गाडी, गॉगल, मागं-पुढं माणसं. छे! आमच्या गोरखला पेरूचे क्रेट उचलायला दुसरा माणूस मिळत नाही, मागं-पुढं कसली माणसं घेऊन बसलात!

पण नट होता हो तो, अगदी खराखुरा. कॉलेजात असताना नगरच्या एकांकिका स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि तिथंच घात झाला. पठ्ठ्यानं बॅग भरली आणि मुंबई गाठली. एका सिनेमात त्याची पाठ दिसली. दुसऱ्या सिनेमात नायिकेला चिठ्ठी देणारा हात त्याचा होता, आणि आई छबूबाईनं तो हात अंगठ्याच्या नखावरून ओळखला. एका ऐतिहासिक मालिकेत तर तो सोमवारी शत्रूच्या बाजूनं मेला आणि बुधवारी आपल्या बाजूनं लढायला पुन्हा उभा राहिला. बारा वर्षं अशी गेली. पडद्यावर त्याच्या तोंडून एकही वाक्य बाहेर पडलं नव्हतं, पण गडी हटला नाही.

मग आली "धाकट्या सूनबाई" ही मालिका. तिच्यातले थोरले मालक, आप्पासाहेब, मालिका सुरू होण्याआधीच वारलेले. त्यांचा फोटो दिवाणखान्यात लावायचा होता. दिग्दर्शकानं चाळीस माणसं पाहिली आणि गोरखकडं बोट दाखवलं. "याच्या चेहऱ्यावर गेल्यानंतरची शांतता आहे," म्हणाला. गोरखला वाटलं आपलं कौतुक झालं. फेटा बांधला, मिशा चिकटवल्या, फोटो काढला, वर चंदनाचा हार घातला, अर्ध्या तासात त्याला घरी पाठवलं.

आणि काय सांगू, तो फोटो तुफान चालला! मालिकेतल्या धाकट्या सूनबाईला सासरच्यांनी छळलं की ती त्या फोटोपुढं उभी राहायची, "आप्पासाहेब, आज तुम्ही असता तर..." म्हणून डोळ्यांना पदर लावायची. आठवड्यातून सहा दिवस हेच. अख्ख्या महाराष्ट्रानं गोरखचं तोंड पाठ केलं. फक्त दुसऱ्या कोणत्याच मालिकेत त्याला काम मिळेना. जिथं जाईल तिथं एकच उत्तर, "अहो, तुम्हाला कसं घेणार? तुम्ही वारलात, सगळ्यांना माहीत आहे." शेवटी तो गावी आला आणि बागेत कामाला लागला.

गावातल्या बायकांनी तर कहरच केला. शेजारची पंकजा रोज सकाळी कुंपणाशी येऊन हात जोडायची. "आप्पासाहेब, तुमीच बघा, माज्या जावंनं काल काय केलं..." आणि जी सुरू व्हायची! गोरख बिचारा भला माणूस. काहीतरी धीराचं बोलायला तोंड उघडलं, की ती डाफरायची, "तुमी बोलू नका ओ. नुसतं बघा माज्याकडं." मग तो नुसता बघायचा. पंकजा मन हलकं करून भाकऱ्या थापायला निघून जायची.

सगळं गाव त्याच्याशी बोलत होतं. त्याची आई तेवढी बोलत नव्हती.

त्याचं झालं असं. मालिकेचा पहिला भाग दाखवला त्या संध्याकाळी छबूबाईनं टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, आळीतल्या बायका बोलावल्या, सगळ्यांना पेढे वाटले आणि पुढ्यात मांडी घालून बसली. पडद्यावर लेकाचं तोंड आलं. हार घातलेलं, पुढं समई लावलेली. आणि टीव्हीच्या बरोबर वर, भिंतीवर, गोरखच्या वडिलांचा फोटो, त्यालाही तसाच चंदनाचा हार. म्हातारीनं एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं आणि हातातला पेढा ताटात टाकला.

"जितेपनी हार घालून घेतलास?" ती ओरडली. "बापाच्या शेजारी जायची लई घाई झालीय व्हय तुला? मी मेलीय का अजून? त्यो हार उतरंस्तवर माज्या तोंडून तुला एक शबुद न्हाई!"

आणि खरंच नाही हो! दोन वर्षं! छबूबाई म्हणजे तोंडाचा पट्टा सुटला की गाईगुरंसुद्धा दावणीला गप उभी राहायची. ती बाई घरातल्या घरात लेकाशी मुकी झाली. काही सांगायचंच झालं तर सुनेला मध्ये घालायची. गोरख समोर ताटावर बसलेला असायचा आणि ही म्हणायची, "रेश्मा, तुज्या नवऱ्याला ईचार, भाजी वाढू का?" रेश्मा म्हणायची, "अहो, आत्याबाई विचारतायत, भाजी वाढू का?" गोरख म्हणायचा, "वाढा म्हणाव." असं जेवण तासभर चालायचं आणि रेश्माची भाकरी रोज गार व्हायची.

गोरखला ते लई लागलं होतं. बारा वर्षं एक वाक्य मिळालं नाही तेव्हा तो रडला नव्हता. पण आई बाहेर म्हशीशी बोलताना ऐकू आली, की तो तोंड फिरवून डोळे पुसायचा. त्यानं मालिकेच्या लेखकांना फोन करकरून भंडावलं. "साहेब, आप्पासाहेबांना जिवंत करा. मालिकेत काय, कोणीपण परत येतं. अपघातात सापडले नव्हते म्हणा, स्मृती गेली म्हणा, काहीही म्हणा, पण हार काढा." लेखक म्हणायचे, बघू. दोन वर्षं बघतच होते.

अशात आलं आप्पासाहेबांचं श्राद्ध. म्हणजे मालिकेतलं. वाहिनीनं रविवारच्या महाएपिसोडची जाहिरात मोबाईलवर सोडली. गोरखचा हार घातलेला फोटो, खाली "कै. आप्पासाहेब यांना भावपूर्ण श्रद्धांजली", त्याखाली "रविवारी सायंकाळी सात वाजता अवश्य उपस्थित राहा", आणि अगदी तळाला मालिकेचं नाव. ही जाहिरात फिरत फिरत नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरात, गोरखचे मामा रामहरी यांच्या वाडीवर पोचली. पोचवली कोणी? मामांचा मुलगा कल्याण, यानं. आणि पोचवताना फोटो नीट मोठा दिसावा म्हणून त्या शहाण्यानं तळाची ओळ कापून टाकली.

मामांकडं टीव्ही बंद पडून तीन वर्षं झाली होती. मालिका-बिलिका त्यांना काही ठाऊक नाही. त्यांनी भाच्याचं तोंड पाहिलं, हार पाहिला आणि मटकन खाली बसले. कल्याणला खरं तर खालचं नाव खटकलं होतं. "आबा, इथं आप्पासाहेब लिवलंय," तो म्हणाला.

"आरं, मुंबईत नटांची नावं बदलत्यात!" मामा गळा काढून म्हणाले. "फोन लाव!"

रात्रीच गोरखला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, उचलला नाही. आता जिता माणूस फोन उचलत नाही असं होतं का? झालं, खात्री पटली. बायकांनी पहाटे उठून नागलीच्या भाकरी थापल्या, पातेलंभर पिठलं केलं. ज्या घरी माणूस जातं त्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंदांनी घास न्यायचा असतो. मामा असले तरी पद्धत ती पद्धत. अकरा माणसं, पिठल्याचं पातेलं आणि भाकरीचं टोपलं एका जीपमध्ये कोंबून मंडळी निघाली.

इकडं रविवारी सकाळी रेश्मा बचतगटाच्या बैठकीला गेली होती. तिला गाडीवरून सोडून आलेल्या नवऱ्याला तिनं दळण आणायला सांगितलं होतं. गोरख मोटारसायकलवर पोतं टाकून निघाला. आईला सांगून जायचा प्रश्नच नव्हता. छबूबाईनं गाडीचा आवाज तेवढा ऐकला आणि मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली.

अकरा वाजता दारात जीप थांबली. उतरता उतरताच बायकांनी हंबरडा फोडला. रामहरीमामा धावत मागच्या अंगणात गेले आणि बहिणीच्या गळ्यात पडले. "आक्का गं! आपला गोरख गेला गं!"

आता सांगा, म्हातारीनं काय समजायचं? लेक तासाभरापूर्वी गाडी घेऊन गेलेला. पुढं हायवे. सख्खा भाऊ एवढ्या लांबून रडत आलेला. कधी, कुठं, कसं, हे विचारायचंसुद्धा तिला सुचलं नाही. ती तिथंच आडवी झाली. बायकांनी तिला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि तोंडावर पाणी मारलं. पाच मिनिटांत अर्धं गाव दारात गोळा झालं. पंकजा तर कोणालाच आवरेना. "आता मी कुनाला सांगू?" म्हणून कुंपणावर डोकं आपटत होती, आणि शेजारी तिची जाऊ उभी होती, ती बघतच राहिली.

आणि आला आमचा नायक. गिरणीचा पट्टा तुटून सगळं पीठ त्याच्या अंगावर उडालं होतं. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, तोंड पांढरं. फोन खिशात, त्यावर बावीस मिस कॉल, रात्रीचे घोरण्यात गेले, सकाळचे गिरणीच्या घरघरीत, एकही ऐकू आला नव्हता. तो गाडीवरून उतरला तशी पुढची दोन माणसं किंचाळून उसाच्या फडात पळाली. कल्याणच्या हातातून भाकरीचं टोपलं खाली पडलं.

गोरखनं इकडंतिकडं पाहिलं. दारात गर्दी. अकोल्याची जीप. पिठल्याचं पातेलं. मामी रडतायत. रेश्मा बैठकीला गेलेली, तिला त्यानंच सोडलं होतं. म्हणजे घरात राहिलं कोण?

"आई!"

असा आवाज त्या वस्तीनं कधी ऐकला नव्हता. पोतं खाली टाकून तो दारातच गुडघ्यांवर बसला. "आई, आसं करू नगंस गं! एकदा बोल! शिव्या दे, पर बोल! दोन वर्सं मी ऐकायला तरसलोय. त्यो हार आजच काढायला लावतो, न्हाई काढला तर स्वतः जाऊन भिंत पाडतो! तू म्हशीशी बोलायचीस तवा मी गोठ्याच्या मागं उभा ऱ्हायचो गं, तुजा आवाज ऐकायला!"

माणसं रडायची थांबली. बारा वर्षं ज्याला एक वाक्य मिळालं नव्हतं तो माणूस दम न घेता बोलत होता आणि पिठाच्या तोंडावर आसवांचे ओघळ उतरत होते. "आयला," फडातून डोकावत एकजण दुसऱ्याला म्हणाला, "भूत असलं तरी काम लई भारी करतंय."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार आपटलं. छबूबाई बाहेर आली. केस सुटलेले, पदर ओला, डोळे लाल. तिनं लेकाकडं पाहिलं. लेकानं तिच्याकडं पाहिलं. दोघांनाही आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"मुडद्या," छबूबाई म्हणाली, "कुठं मेल्तास?"

"दळन आणाया गेल्तो, आई."

तिनं काडकन त्याच्या थोबाडीत दिली. पिठाचा ढग उठला. मग त्याच ढगात तिनं त्याला छातीशी धरलं आणि दोघं असे रडले, की मघा रीत म्हणून रडणाऱ्या बायकांनाही आता खरं रडू आलं. मामांनी मोबाईल काढला, तो फोटो सगळ्यांना दाखवला, तेव्हा कुठं उलगडा झाला. मग सगळ्यांची तोंडं कल्याणकडं वळली आणि कल्याण जीपमध्ये जाऊन बसला. "खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं," मामा ओशाळून म्हणाले, पण त्यांच्याकडं कोण लक्ष देतं! पिठलं होतंच, ते चुलीवर गरम केलं. पंगत बसली. सुतकाचं पिठलं कोणी एवढं मिटक्या मारत खाल्लेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि छबूबाईचं तोंड सुटलं. दोन वर्षांचं साचलेलं होतं, ती काय थोडक्यात आटपणार? गोरखला शेजारी बसवून, त्याचं तोंड पदरानं पुसत पुसत तिनं गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून सुरुवात केली. करंज्या कशा फुटल्या, म्हैस कशी अडली, विहिरीवरची मोटार जळाली तेव्हा तो कसा चुकला, फवारणी कधी करायची होती, आणि ती मिशी त्याला शोभत नाही हे ती तेव्हाच सांगणार होती. रेश्मा बैठकीहून आली तर सासू नवऱ्याशी थेट बोलतेय! ती दारातच थांबली. मग एक ताट घेतलं, त्यात गरम पिठलं वाढून घेतलं आणि कोणाशी काही न बोलता जेवायला बसली.

तेवढ्यात गोरखचा फोन वाजला. लेखक होते. आवाजात घाई होती.

"गाडेकर, अभिनंदन! आप्पासाहेब जिवंत आहेत. सरणावरून उठून हिमालयात गेले होते, असं ठरलंय. उद्यापासून शूटिंग. तीन पानांचं भाषण आहे तुम्हाला, एकदम कडक! पण आत्ताच्या आत्ता होय म्हणा, नाहीतर दुसरा नट उभाच आहे इथं."

गोरखनं फोन कानाला धरला होता. दुसऱ्या कानात आई सांगत होती, की मागच्या आखाडात तिचा गुडघा दुखत होता, आणि हे त्याला सोडून ती सगळ्या गावाला सांगत फिरली होती.

"गाडेकर? ऐकताय ना? बोला की!"

"नंतर करा, साहेब," गोरख हळूच म्हणाला. "आई बोलतीय."