शेवंताचा न्यूमोनिया आणि गच्चीवरचं कोमट पाणी

नाशकातल्या बायांनो, आज आमच्या बिल्डिंगची अक्कल जरा ठिकाणावर आली.

वरच्या मजल्यावरच्या शेवंताला न्यूमोनिया झाला, मागोमाग खालच्या एकाला. झालं, लोकांनी शेवंताचं घरच वाळीत टाकलं. तिची सून सविता लिफ्टमध्ये शिरली की बाकीचे जिना धरायचे. पोरगी रडून अर्धी झाली.

आज आरोग्य खात्याची डॉक्टरीण आली. शेवंताच्या तपासणीत लिजिओनेला नावाचा जंतू सापडला म्हणे. तिनं विचारलं, "आंघोळीचं पाणी कुठलं?"

आमचे सेक्रेटरी छाती काढून म्हणाले, "गच्चीवरच्या सोलरचं! मुद्दाम कोमट ठेवतो, म्हणजे सगळ्यांना पुरतं."

"जंतूलाही कोमटच आवडतं," डॉक्टरीण म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, आम्ही पाणी उकळून पितो."

"आजी, हा शॉवरच्या बारीक तुषारांतून श्वासात जातो. माणसाकडून माणसाला लागत नाही."

मी सेक्रेटरीकडे वळले. "ऐकलंत? सविताला काय घाबरता, टाकीला घाबरा!"

पाण्याचे नमुने गेलेत, रिपोर्ट यायचाय. तोवर शॉवर बंद, टाकी धुणार, पाणी चांगलं कडक तापवणार. तिकडे औषध बदलल्यावर शेवंता उठून बसलीय. दवाखान्याच्या चहाला नावं ठेवते, म्हणजे बरी होणार.

संध्याकाळी सविता डबा घेऊन निघाली, तर लिफ्टमध्ये मी सोडून आणखी दोघी शिरल्या. तोंडं पाडून उभ्या होत्या, पण उभ्या होत्या.

तुमच्याकडे कोणी आजारी पडलं, तर आधी टाकी बघता का त्या घरची माणसं टाळता? खरं सांगा.