शालनबायचा नको तो प्रश्न
शालन तांबेच्या जिभेला हाड नाही असं रत्नागिरीच्या मांडवीत सगळे म्हणतात, आणि खोटं कशाला बोला, नाहीच. तिथल्याच एका कॅन्सरच्या दवाखान्यात ती सिस्टर. तरुण पेशंट आला की केमोची सुई लागण्याआधी तिचा प्रश्न ठरलेला, "पुढे पोरंबाळं हवीत का?" बापे खाकरतात, बायका पदर तोंडाला लावतात. ही ढिम्म!

विसाव्या वर्षी तिलाही हाच रोग झाला होता. औषधाने जीव वाचला, पण त्याच औषधाने आपल्याला मूल होणार नाही, हे तिला कळलं लग्नानंतर चार वर्षांनी, सासरची बोलणी खाऊन झाल्यावर. आधी कुणी सांगितलंच नव्हतं. का, तर म्हणे बिनलग्नाच्या पोरीशी असलं बोलत नाहीत! जळ्ळं मेलं ते सोवळं.

परवा गुहागरची श्रुती आली. एकवीस वर्षांची, मांडीवर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक, शेजारी आई कमळा. शालनने प्रश्न टाकला आणि समजावलंही. मुंबईला जाऊन स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. डॉक्टर पंधरा दिवस थांबायला तयार आहेत, वर एकही नाही. काय ते आज सांगा.

कमळा भडकलीच. "अहो सिस्टर, लग्न नाय झालं पोरीचं! गावात कळलं तर स्थळ येईल का? तिचा जीव वाचूदे, बस्स."

"मी तिला विचारलं, तुम्हाला नाही. जा, तिघींना चहा आणा. माझा बिनसाखरेचा."

आई गेली. श्रुतीने पुस्तक उघडलं.

"बोल गो बाय. नको म्हणालीस तरी चालेल."

"मला पोरं आवडतच नाहीत," श्रुती म्हणाली. "शेजारची दोन आहेत ना, नुसता उच्छाद!"

शालन खो खो हसली. "मग नको असं लिहू?"

"थांबा." श्रुतीने पुस्तक मिटलं. "नको म्हणायचं तर मी म्हणेन. माझ्या वतीने ह्या रोगाने कशाला म्हणावं?"

दारात कमळा तीन कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नाक ओढून तिने विचारलं, "मुंबईची गाडी किती वाजता असते हो?"

शालनने कप तोंडाला लावला. चहात चांगली दोन चमचे साखर होती. एरवी तिने दवाखाना डोक्यावर घेतला असता. आज मुकाट प्यायली. मला कुणी विचारलं असतं तर मीही ह्या पोरीसारखंच म्हटलं असतं, एवढंच तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.