अंजूरच्या शेडमधली ऊब

भिवंडीजवळच्या अंजूरला जायचं ठरलं ते एका पोस्टकार्डामुळे. मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लिग्नाइट, म्हणजे तपकिरी, ओलसर, हलक्या प्रतीचा कोळसा, हा माझ्या संशोधनाचा विषय. 'लिग्नाइट उन्हात वाळवा, जास्त उष्णता मिळवा' हा माझा लेख एका पेपरच्या रविवार पुरवणीत आला होता. तो वाचून अंजूरच्या बाळारामशेठनी लिहिलं, "तुमचं संशोधन आमच्या कारखान्यात चालू केलंय. बघायला या." खोटं कशाला बोलू, मी हुरळले. डिसेंबरात एक दिवस रजा टाकली.

पहाटेची एसटी धरली. जाणार असाल तर बायपासला उतरू नका, रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात. भिवंडी स्टँडवरून धामणकर नाका गाठा. तिथे लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात चहा घ्या आणि अंजूरची शेअर रिक्षा विचारा. वाटेत कापलेल्या भाताची खोडं दिसतात आणि त्यांना चिकटूनच गोदामांचे पत्रे.

शेठचा सायझिंगचा कारखाना आहे. तिथे लूमवर चढवायच्या सुताला खळ लावतात. त्यासाठी वाफ लागते आणि वाफेसाठी कोळसा.

"बगा मॅडम, तुमी लिवलाय तसाच केलाय," शेठ कोळशाच्या शेडचं दार उघडत म्हणाले. "अंगनात वाळवला, मंग हितं भरला. दारं बंद, वल लागू दिली न्हाय."

ढीग छातीएवढा होता. आत पाऊल टाकताच चेहऱ्याला ऊब लागली, रॉकेलसारखा वास आला. बॉयलर तर पलीकडच्या इमारतीत होता.

"ही ऊब कशाची?"

"कोळशाचीच की! वाळवल्यापासून अशीच हाय." त्यांनी वर, लाकडी माळ्याकडे बोट दाखवलं. "म्हनून तर रातपाळीची तिघं आता वरतीच झोपतान. फुकटचा हीटर!"

वाळलेलं लिग्नाइट हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन ओढून घेतं आणि आतून तापतं. मी प्रयोगशाळेत ताटलीभर वाळवलं होतं. ताटलीतली उष्णता निघून जाते. ढिगातली कुठे जाणार? शिवाय धुमसणाऱ्या कोळशातून विषारी वायू सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही.

"त्यांना खाली आणा."

"आत्ताशी ड्युटी सुटलेय त्यांची, झोपूं द्या जरा..."

"शेठ, आत्ता!"

दोघं कुरकुरत उतरले. "क्या शेठ, अभी तो आँख लगी थी." तिसरा, रामसूरत, हाकेला ओ देईना. त्या दोघांनी परत वर जाऊन त्याला शिडीवरून अक्षरशः ओढत अंगणात आणलं. मोकळ्या हवेत त्याला उलटी झाली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "आज छुट्टी है क्या?" साथीदार हसले.

"रोज सोके उठता तो सर दुखता था इसका," त्यांतला एक म्हणाला. "हम बोले, कामचोरी कर रहा है."

शेठनी त्याला जीपमधून दवाखान्यात धाडलं. मग फावडी घेऊन ढीग उकरला. मध्यभागी लाल निखारा होता. पाणी मारत, सगळा कोळसा अंगणात पातळ पसरेपर्यंत दुपार कलली.

"पन तुमच्या लेखात ह्ये न्हवतं, मॅडम," शेठ हळूच म्हणाले.

"मी लिहिलं होतं. वाळवून ढीग घालू नका, असा परिच्छेद होता. लेख छोटा करायला सांगितला, तेव्हा मीच तो काढला."

"का?"

"कंटाळवाणा वाटला."

मग शेठच्या घरून तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण आलं. "जेवा," ते एवढंच म्हणाले. मी जेवले. नाही म्हणायचा हक्क आहे असं वाटेना. मी निघाले तेव्हा रामसूरत परतला होता. डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मॅडम ने तो हमारा हीटर ही छीन लिया." त्याला माझ्यावर रागवावं हेही ठाऊक नव्हतं.

म्हणून इथे स्पष्ट लिहिते: लिग्नाइट वाळवलंत तर लगेच जाळा. ढीग घालून कोंडू नका आणि त्याच्या आसपास कुणाला झोपू देऊ नका.

पुरवणीने माझी दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, चार ओळींत. मूळ लेख अर्धं पान होता. तो वाचून मला कळवणारे बाळारामशेठ एकटेच. न कळवता ज्यांनी कोळसा वाळवून भरला, त्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.