हेडफोनला पॉलिश करणारे आमचे साडू

कोल्हापुरात माणसं एकमेकांच्या मिशा बघतात, पायातलं पायताण बघतात. पण समोरच्याच्या कानांकडे आधी बघणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून कालव्यांच्या बारीक रेघा मारण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर मुलाने टाकून दिलेला एक हेडफोन त्यांच्या हाती लागला. कानांवर बसणाऱ्या त्याच्या दोन्ही वाट्या लाकडाच्या होत्या आणि वरचं पॉलिश पार उडालं होतं. "आत एवढं भारी यंत्र, आणि वर रंग बघा, सरकारी बाकड्यासारखा!" असं म्हणून त्यांनी जो पॉलिश पेपर हातात घेतला, तो आजतागायत खाली ठेवलेला नाही. आता पुण्या-मुंबईची हौशी पोरं कुरिअरने त्यांच्याकडे हेडफोन पाठवतात.

गंमत म्हणजे गाण्याशी साडूंचा काडीचा संबंध नाही. एकदा रंकाळ्यावर फिरताना त्यांनी एका तरुणाला अडवलं. "पावणं, जरा बघू." त्याला वाटलं, आजोबांना गाणं ऐकायचं असेल. त्याने हौसेने आपला हेडफोन काढून त्यांच्या कानांवर चढवला. साडूंनी तो तसाच खाली ओढला, चष्मा कपाळावर सरकवला, वाटीवर नख वाजवलं, वास घेतला आणि परत केला. "अक्रोड हाय. पण पॉलिश करणाऱ्यानं घाई केलीया." पोराने विचारलं, "गाणं कसं वाटलं?" साडू म्हणाले, "कुठलं गाणं?"

त्यांच्या या नादाचा खरा भार सोसते ती माझी मेहुणी, आमच्या सगळ्यांची अक्का. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून त्या पॉलिशचे हातावर हात द्यायचे, वाट्या दोऱ्याने खिडकीत टांगायच्या, आणि त्या वाळेपर्यंत घरात फोडणी बंद! धूर बसतो म्हणे. रविवारी तांबड्या रश्शाऐवजी दहीभात खाणारं त्या गल्लीतलं ते एकमेव घर असावं. "लोकांचे कान सजवत्यात, माझं मात्र ऐकत न्हाईत," असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

मी या सगळ्याला हसत असे. गेल्या वर्षी मात्र माझं हसू थांबलं. जयसिंगपूरच्या एका प्राध्यापक बाईंनी आपल्या वडिलांचा हेडफोन साडूंकडे दिला होता. शेवटच्या आजारपणात वडील दिवसभर तो लावून पडलेले असत. साडू उजवी वाटी घासायला बसले आणि अचानक हाताखाली भुसा लागला. अख्खं लाकूड नव्हतंच ते. दाबलेल्या भुशावर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला होता आणि तो फाटला होता. साडू दोन दिवस धड जेवले नाहीत. मी सुचवलं, "फाटल्या जागी लांबी भरून रंग मारा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन त्यांनी जयसिंगपूरची एसटी पकडली. बाईंच्या दारात चप्पल काढायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, माझ्या हातनं चूक झालीया." पिशवीतून वाटी काढून त्यांनी पुढे धरली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली. "बाबा इथंच बोट ठेवायचे," एवढंच म्हणाल्या. साडूंची मान खाली गेली. मी उगाचच पंख्याकडे बघत बसलो.

मग बाई उठून आत गेल्या आणि वडिलांचा जेवायला बसायचा सागवानी पाट घेऊन आल्या. "आता यावर कुणी बसत नाही. यातून नव्या वाट्या होतील का?"

साडूंनी पाट दोन्ही हातांनी घेतला. परतीच्या प्रवासात सीट रिकामी असूनही त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. पुढचा महिनाभर ते लाटणी-पोळपाट करणाऱ्या एका काताऱ्याकडे रोज जाऊन बसत. पाटाचे तुकडे जोडून, कातून दोन वाट्या झाल्या. त्या साडूंनी घरी आणून घासल्या. लाखेला मात्र हात लावला नाही, फक्त जवसाचं तेल मुरवलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "लई चकाकलं, तर ताईला त्यात पाट दिसायचा न्हाय."

हेडफोन न्यायला बाई स्वतः कोल्हापूरला आल्या. त्यांनी तो कानांवर चढवला. काही लावलं नव्हतं, मोबाईल पर्समध्येच होता. तरी त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या, "सुरेख झालाय."

"अजून न्हाय झाला," साडू म्हणाले. "हाताळत ऱ्हावा. सागवान हळूहळू काळवंडतं. पंधरा वर्सांनी बघा, तवा खरा रंग येतोय."

"तेव्हा दाखवायला आणीन तुम्हाला," बाई म्हणाल्या.

साडू पंचाहत्तरीला टेकलेत. ते नुसतेच हसले आणि तेलाच्या डबीचं झाकण लावू लागले. त्यांच्या बोटांना आटे काही सापडेनात. अक्काने पुढे होऊन डबी हातात घेतली, झाकण घट्ट बसवलं आणि बाईंना म्हणाली, "आणा की. आम्ही हितंच हाय."